आधी नाव विचारा

टूथब्रश जुना होता, वाटीतलं साबणाचं पाणी ताजं होतं आणि मी पेटले होते. जास्वंदीच्या प्रत्येक शेंड्यावर पांढरा कापूस बसला होता. कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळत होत्या. गणपतीला रोज एक तरी घरचं लाल फूल असावं म्हणून आईने लावलेलं हे झाड, आणि महिनाभर देव्हाऱ्यात विकतची फुलं येत होती. पुण्यातला एप्रिल, तिसऱ्या मजल्यावरची पश्चिमेची गच्ची, सकाळचे साडेसात. दीड तास बसून मी एकेक फांदी घासली. पिठ्या ढेकूण म्हणतात तो हाच, एवढं माहीत होतं. काही किडे बाकीच्यांपेक्षा लांबट होते, अंगावर पांढऱ्या झिपऱ्या होत्या आणि ब्रश जवळ येताच ते लगबगीने पळायचे. त्यांना मी आधी गाठलं.

दहा दिवसांत कापूस परत आला, पहिल्यापेक्षा दाट. आमच्या वरच्या मजल्यावर कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर राहतात. त्यांना फांदी नेऊन दाखवली आणि माझ्या पराक्रमाचं वर्णन केलं. ते एकदम थांबले.

"पळत होते म्हणालात?"

"हो. मोठे होते ते."

"मग ते पिठ्या नव्हते. पिठ्या ढेकूण असा पळत नाही. तुम्ही पिठ्या खाणाऱ्याची पिल्लं मारलीत."

सर आत गेले आणि भिंग घेऊन आले. त्या दिवसापासून ते भिंग माझ्याकडेच आहे. गेले दोन उन्हाळे मी गच्चीत आणि ओळखीपाळखीच्या बागांमधून ते घेऊन हिंडते आहे. या काळात एक गोष्ट पक्की कळली. घरच्या बागेत किड्यांमुळे होतं त्याहून जास्त नुकसान आपल्या घाईमुळे होतं.

वैशाखातली गर्दी

उन्हाळ्यात झाडांवर किडे एवढे का वाढतात? पहिलं कारण पालवी. चैत्रात लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, गुलाब सगळ्यांना कोवळी पानं फुटतात आणि कोवळं पान म्हणजे रस शोषणाऱ्या किड्यांची पंगत. त्यात आपण हौसेने खत घालतो. नत्र जास्त झालं की शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा नेमका तिथेच बसतो. दुसरं कारण ऊन. किड्याचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं. थंडीत ज्या पिढीला तीन-चार आठवडे लागतात ती उन्हाळ्यात निम्म्या वेळात वाढते. तिसरं कारण कोरडी हवा. पावसाळ्यात सरींनी धुऊन जाणारे जीव या दिवसांत पानामागे निवांत असतात.

कोरड्या हवेचा सगळ्यात जास्त फायदा घेतो लाल कोळी. वांग्याचं, गुलाबाचं किंवा भेंडीचं पान वरून फिकट ठिपक्याठिपक्यांचं दिसू लागलं की ते उलटून बघावं. शिरांच्या कडेला बारीक जाळी आणि तिच्यात लाल-पिवळसर टिंब हलताना दिसतात. हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कोळ्यांच्या गोतावळ्यातला. हा भेद नुसता पुस्तकी नाही. कीटकांसाठी आणलेलं औषध पुष्कळदा कोळ्याला लागत नाही, पण कोळ्याला खाणारे कीटक मात्र त्याने मरतात आणि फवारणीनंतर कोळी उलट वाढतो. त्याच्यावर पहिला उपाय फुकटचा आहे. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, दिवसाआड, दोन आठवडे.

शहरातली गच्चीवरची शेती आता नवलाईची राहिलेली नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'तून आणि मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर भाजी पिकवून तिला वाट दाखवली त्याला कित्येक वर्षं झाली. माती, खत, पाणी यांचं शास्त्र आपण त्यांच्यासारख्यांकडून उचललं. किड्यांच्या बाबतीत मात्र अजून बहुतेकांकडे एकच शब्द आहे: कीड. आणि कीड म्हटलं की पुढचं क्रियापद ठरलेलंच असतं.

साखरेचे पहारेकरी

गुलाबाच्या कळीखाली हिरवी-काळी टिंबं दाटली की तो मावा. माव्याची मादी उन्हाळ्यात नराची वाट बघत नाही. ती अंडीही घालत नाही, थेट पिल्लं देते. त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच आकार घेत असते. आई, मुलगी आणि नात एकाच देहात! सोमवारी दहा दिसलेले रविवारी मोजता येत नाहीत, ते यामुळे. जागा अपुरी पडली की त्यांच्यातल्या काहींना पंख फुटतात आणि ती शेजारची कुंडी गाठतात.

झाडाच्या रसात साखर खूप आणि प्रथिनं कमी. पोटभर प्रथिनं मिळवायची तर साखर नको तेवढी आत येते. ती मावा थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. पानं चिकट होतात, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि पान काजळी धरल्यासारखं दिसतं. हीच साखर गोळा करायला मुंग्या येतात. मुंगी गोडाची किंमत चुकवते. माव्यावर टपलेल्या किड्यांना ती हुसकावून लावते. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर रांगेचं दुसरं टोक शोधावं. ते बहुधा मावा, खवले कीड किंवा पिठ्या यांच्यापाशी पोहोचतं.

आमच्या आजोळी मुरांब्याच्या बरण्या ठेवायच्या फडताळाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे. सरांनी सांगितलेला उपाय तोच निघाला. कुंडी तिपाईवर ठेवायची, तिपाईचे पाय पाण्याच्या वाट्यांत, आणि झाडाची एकही फांदी भिंतीला टेकू द्यायची नाही. मुंग्यांची वाट बंद केली आणि पाच-सहा दिवसांत माझ्या गुलाबावर पहिली लेडीबर्ड, म्हणजे ढालकिडा, उतरली.

लालसर-पिवळी, काळ्या नक्षीची ही टिकली सगळ्यांना ओळखता येते. तिचं पिल्लू मात्र कुणी ओळखत नाही. ते काळपट, लांबट, काटेरी असतं, अगदी इवली सुसर. गोड दिसणाऱ्या आईला आपण हातावर घेतो आणि तिच्याच लेकराला चिरडतो. मावा जास्त फस्त करतं ते हे लेकरूच. उलटही फसगत होते. वांग्याच्या पानांची चाळण करणारा, पाठीवर अठ्ठावीस ठिपके असलेला भुंगेरा याच कुळातला आहे, पण तो शुद्ध शाकाहारी. त्याच्या पाठीला चमक नसते, बारीक लव असते. ठिपके मोजण्याआधी चमक बघावी.

आणखी एक चकवा म्हणजे चालणारा कचरा. फांदीवरून धुळीचा, मेलेल्या किड्यांच्या कातड्यांचा पुंजका सरकताना दिसला तर त्याच्याखाली जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याची, शेतकरी ज्याला क्रायसोपा म्हणतात त्याची, अळी असू शकते. तिच्यातल्या काही जाती शिकारीचे अवशेषच पाठीवर पांघरून फिरतात. तिची अंडी केसाएवढ्या देठावर उभी असतात. पानावर टाचण्या खोचल्यासारखी दिसली तर तो बुरशीचा रोग समजून पान तोडू नये.

भोपळ्यावर वाढलेले पाहुणे

मी ब्रशने मारलेल्या पिल्लांचं नाव होतं क्रिप्टोलेमस, किंवा त्याच्या चुलत घराण्यातलं कुणीतरी. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांत खवले किडीचा बंदोबस्त करायला तो भारतात आणला गेला. त्या कामात त्याला यश आलं नाही, पण तो इथे रुजला आणि पिठ्या ढेकणावर तुटून पडू लागला. प्रौढ भुंगेरा जेमतेम चार मिलिमीटरचा, काळपट अंगाचा आणि नारिंगी डोक्याचा. त्याची अळी अंगावर मेणाच्या पांढऱ्या झिपऱ्या वाढवून हुबेहूब पिठ्याचं सोंग घेते. हे सोंग मुंग्यांना फसवायला उपयोगी पडतं. मलाही त्याने फसवलं, फक्त परिणाम उलटा झाला.

द्राक्षपट्ट्यात हा किडा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तासगावकडच्या एका बागायतदाराने मला वेलीच्या खोडाची सैल साल नखाने उचकटून दाखवली. खाली पिठ्या दडलेला. घडात शिरला तर माल निर्यातीतून बाद. फवारा सालीखाली पोहोचत नाही, भुंगेरा पोहोचतो. हे भुंगेरे प्रयोगशाळेत वाढवतात ते चक्क लाल भोपळ्यावर. आधी भोपळ्यावर पिठ्या पोसायचा, मग त्याच्यावर भुंगेरे सोडायचे. एकच अट असते, ती म्हणजे भुंगेरे सोडल्यावर कडक औषध मारायचं नाही. "पाहुण्याला बोलवायचं आणि जेवणात विष कालवायचं, असं चालत नाही," ते म्हणाले.

त्याहून मोठी गोष्ट पपईच्या पिठ्याची. मध्य अमेरिकेकडचा हा किडा २००८ साली कोइमतूरला आढळला आणि बघता बघता पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद यांच्यावर पसरत महाराष्ट्रापर्यंत आला. इथे त्याला आवर घालेल असा शत्रू नव्हता, औषधांनी तो आटोक्यात येईना. शेवटी बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने, २०१० साली पोर्टो रिकोहून त्याचे परजीवी शत्रू मागवले. त्यातली असेरोफॅगस पपई नावाची माशी मिलिमीटरभरही नसेल. ती पिठ्याच्या अंगात अंडं घालते आणि तिचं पिल्लू त्याला आतून पोखरतं. काही महिन्यांत साथ ओसरली. तुमच्या जास्वंदीवर कधी फुगलेले, तपकिरी, पाठीला गोल भोक पडलेले पिठ्या दिसले, तर अशीच एखादी माशी तिथे येऊन गेली आहे असं समजा. ती फांदी कापू नका.

फोडणी की फुलपाखरू

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली म्हणून मी पाणी मारलं. शीट जागची हलली नाही. काडी लावली तर तिने डोक्यामागून नारिंगी दुभागलेलं शिंग बाहेर काढलं आणि उग्र वास सोडला. कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची ही अळी. लहानपणी शिटेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते आणि तिच्या खांद्यावर खोटे डोळे उमटतात. लिंबावर हीच रूपं घेऊन वाढणारी दुसरी अळी लिंबाळी फुलपाखराची असते. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हीसुद्धा लिंबाच्याच कुळावर अंडी घालते. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्या मानाच्या पाहुणीला जगायला लिंबाची पानं लागतात, एवढं आपण लक्षात ठेवलं तरी पुरे.

कॉमन मॉरमॉनची मादी तर बहुरूपी आहे. एक रूप नरासारखं, आणि बाकीची रूपं पक्ष्यांना बाधणाऱ्या विषारी 'रोझ' फुलपाखरांची नक्कल. एकाच आईच्या लेकी वेगवेगळ्या वेषात कशा, हे कोडं दीडशे वर्षांपासून जीवशास्त्रज्ञांना छळत होतं. पुण्यात फुलपाखरांच्या मागे हिंडत मोठे झालेले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की या सोंगाची किल्ली 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकात आहे. ज्या किड्याने जगभरच्या शास्त्रज्ञांना कामाला लावलं, तो आपल्या फोडणीच्या कुंडीत वाढतो आणि आपण त्याला चिमट्याने उचलून खाली फेकतो.

पण चार अळ्या हातभर उंचीचा कढीपत्ता आठवड्यात साफ करतात, हेही खरं. आईचं म्हणणं स्पष्ट होतं: "कढी कशाची करू, अळ्यांची?" शेवटी तह झाला. एक झाड स्वयंपाकाचं, एक त्यांचं. स्वयंपाकाच्या झाडावर अळी दिसली की पानासकट उचलून दुसऱ्या झाडावर ठेवायची. गेल्या उन्हाळ्यात वहीत अकरा अळ्यांची नोंद झाली. चार चिमण्या-बुलबुलांनी नेल्या, तीन नुसत्याच नाहीशा झाल्या, दोन वाळून गेल्या. उरलेल्या दोघींनी कोष केले. एका कोषाला बारीक भोक पडलं आणि त्यातून फुलपाखराऐवजी चिलटाएवढ्या परजीवी माश्यांचा घोळका बाहेर आला. अकरातलं एक फुलपाखरू उडालं. बागेत आपण हात लावला नाही तरी हिशेब चुकता करणारे पुष्कळ असतात, हे त्या आकड्यांनी शिकवलं.

वांग्याच्या फुलातली गुणगुण

कुंडीतल्या वांग्याला फुलं येतात, फळ धरत नाही, ही तक्रार मी किमान दहा जणांकडून ऐकली. वांग्याच्या फुलाची ठेवण मिठाच्या डबीसारखी असते. पराग आत बंद आणि टोकाला बारीक भोक. डबी हलवल्याशिवाय पराग पडत नाही. मधमाशीला ते जमत नाही. जमतं ते भुंग्याला. काळाभोर, निळसर पंखांचा मोठा भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख मिटून ठेवतो आणि नुसते छातीचे स्नायू थरथरवतो. त्या क्षणी त्याच्या गुणगुणीचा सूर बदलतो, कान दिला तर ऐकू येतो. पराग भुरभुरत त्याच्या पोटावर पडतो. टोमॅटोच्या फुलाचीही हीच तऱ्हा.

हाच भुंगा वाळलेल्या बांबूत, जुन्या वाशात घर कोरतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कठीण लाकूड भेदणारा आणि कोवळ्या कळीत मात्र अडकून पडणारा भ्रमर येतो. उपमा मोहाची आहे, पण लाकूड पोखरणारा भुंगा कुणीतरी जवळून पाहिल्याशिवाय ती सुचणार नाही. गच्चीत बांबूचे चार तुकडे आडवे बांधून ठेवा. माझ्याकडे तिसऱ्या आठवड्यात भाडेकरू आला.

फिकट निळ्या पट्ट्यांची एक चपळ माशीही हे काम करते. तुळशी-सब्ज्याच्या मंजिऱ्या तिला फार आवडतात. तिचे नर संध्याकाळी वाळल्या काडीला जबड्याने धरून, अंग हवेत सोडून झोपतात. एका काडीवर ओळीने पाच-सहा. बॅटरीचा उजेड न पाडता बघावेत.

गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासाने काढल्यासारखे अर्धगोल कापलेले दिसले तर ती अळी नाही. पानकापी माशी ते तुकडे गुंडाळून नळीसारख्या बिळात पिल्लांसाठी खोल्या बांधते. ती पान खात नाही आणि त्यामुळे झाड मरत नाही. मधमाश्यांतली लहानखुरी फुलोरी माशी तर गच्चीच्या जाळीवर, मोगऱ्याच्या फांदीवर तळहाताएवढं एकच पोळं लावते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि तरी त्याच शहरात फुलोरीचं पोळं दिसलं की पहिला फोन जातो तो कीडनियंत्रणवाल्याला.

कुंभारणीचं घर

खिडकीच्या चौकटीवर मातीचा चिमुकला रांजण चिकटलेला असतो, गळ्याला नीट काठ वळवलेला. कुंभारीण माशी तो घडवते. आपल्याकडे जुना समज आहे की ती एक अळी धरून आणते, तिच्याभोवती गुणगुणत राहते आणि त्या ध्यासाने अळीचीच माशी होते. वेदान्तात त्याचा भ्रमर-कीटक न्याय झाला. ज्याचा ध्यास घ्याल ते व्हाल.

प्रत्यक्षात रांजणात काय होतं? माशी आधी छताला बारीक धाग्याने एक अंडं टांगते. मग अळ्यांना नांगी मारून, न मारता, नुसत्या लुळ्या करून आत भरते आणि तोंड लिंपते. टांगलेल्या अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या ताज्या शिध्यावर वाढतं आणि माशी होऊन बाहेर पडतं. अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, एवढं आपल्या पूर्वजांनी अचूक पाहिलं होतं. मधलं बंद घर त्यांना दिसलं नाही. मला यात त्यांना हसण्यासारखं काही वाटत नाही. मी तर उघड्या फांदीवर, डोळ्यांदेखत चुकले होते. आता भाजीवरच्या अळ्या वेचायला कुंभारीण येते तेव्हा मी तिच्यासाठी एका ताटलीत ओली माती ठेवते.

पान उलटा

एवढं सगळं सांगून मी औषध कधीच वापरत नाही असं नाही. पण क्रम ठरलेला आहे. दर दोन दिवसांनी प्रत्येक कुंडीतली पाच पानं उलटायची. किडा दिसला की भिंग लावायचं. पाय किती, पळतो की बसून राहतो, आसपास मुंग्या आहेत का? हे वहीत लिहायचं आणि, झाड अगदीच लहान नसेल तर, आठ दिवस थांबायचं. आठ दिवसांत खाणारे पोहोचतात, असा माझा अनुभव आहे. पोहोचले नाहीत तर पाण्याचा जोर. त्यानेही भागलं नाही तर निंबोळी अर्क. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, थोडं साबणाचं पाणी घालायचं. फवारणी सूर्य कलल्यावर, कारण उन्हाने अर्काचा गुण उतरतो आणि सकाळी फुलांवर माश्या कामाला असतात. त्याने किडे लगेच टपाटप पडत नाहीत. ते खाणं सोडतात, कात टाकताना अडखळतात. दुसऱ्या दिवशी दुसरं औषध मारायचा मोह आवरणं हाच यातला कठीण भाग.

जास्वंदीवर यंदाही चैत्रात कापूस बसला. मुंग्यांची वाट तोडली आणि थांबले. अकराव्या दिवशी झिपऱ्यावाले लांबट जीव दिसले, पळताना. आईला भिंगातून दाखवले. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "गणपतीला फूल कधी मिळेल ते सांगतात का हे?" वैशाख संपता संपता मिळालं.

टूथब्रश अजून गच्चीतच आहे. मृगाचा पाऊस तोंडावर आला की मी त्याने कुंड्यांखालच्या ताटल्या आणि तिपाईच्या वाट्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून कडेपर्यंत घासते. डेंगी पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरड्यात महिनोन्महिने तग धरतात, नुसतं पाणी ओतून निघत नाहीत. त्यांचं नाव मला नीट माहीत आहे, आणि तिथे मी अजिबात थांबत नाही.